तबकडी इतकी ओरडते कां?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. कोल्हापुरांत नदीकडच्या एका पेठेंत आमचे एक जुने स्नेही राहतात. घर तीन पिढ्यांचें. माणसें लहानमोठीं मिळून अकरा. त्या दिवशीं सायंकाळीं आम्ही सहज म्हणून डोकावलों, तों माजघरांतून एक विलक्षण घोंगाट ऐकूं आला. पिठाची गिरणी सुरू होतांना जशी घरघरते तसा प्रथम खर्जांत, मग चढत चढत अगदीं टिपेला, आणि टिपेला पोंचला न पोंचला तोंच पुन्हां खालीं. आंत जाऊन पाहतों तों घरांतील सारी मंडळी एका जुन्या संगणकाभोवतीं गोळा झालेली. संगणकाच्या खणांत एक सीडी घातलेली होती, आणि हा सारा आक्रोश तिचाच चालला होता.

“अरे, पुरे कर आतां! फुटेल ती एखादे वेळीं,” थोरल्या काकू कळवळून म्हणाल्या.

काकूंच्या कळवळ्याला कारण होतें. त्या तबकडींत त्यांच्या सासूबाईंचा आवाज होता. मंगळागौरीचीं गाणीं, उखाणे, पहांटेच्या भूपाळ्या असें सुमारें तासाभराचें भांडार आजींनीं एका कॅसेटवर म्हणून ठेविलें होतें, आणि २००४ सालीं नातवंडांनीं तें सीडीवर उतरवून घेतलें होतें. पुढें आजी गेल्या. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेचें पाणी पेठेंत शिरलें, त्यांत कॅसेट गेली. गाळांतून काढून, धुऊन, पुसून ठेविलेली ही एकच तबकडी तेवढी उरली. आतां घरांत नव्या सुनेची पहिली मंगळागौर आठ दिवसांवर आली होती, आणि त्या दिवशीं आजींचींच गाणीं लावावयाचीं असा लहानथोरांचा एकमुखी हट्ट होता. यंत्र मात्र नुसतें ओरडत होतें; गाणें कांहीं सोडीत नव्हतें.

स्नेह्यांचा पुतण्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत अभियंता आहे. तो इतका वेळ स्वस्थ ऐकत उभा होता. त्यानें पुढें होऊन तबकडी बाहेर काढली आणि आम्हांस म्हणाला, “काका, तबकडीही मेलेली नाहीं आणि यंत्रही बिघडलेलें नाहीं. यंत्र नुसती घाई करतें आहे. उद्यां शिरोलीला येतां कां? ही घाई म्हणजे काय, तें तेथें डोळ्यांनीं दिसेल.”

सीडीचें कोडें सोडविण्यासाठीं लोखंडाच्या कारखान्यांत कशाला जावयाचें, हें आम्हांस उमगेना. तथापि कुतूहलानें दुसऱ्या दिवशीं आम्ही गेलों, आणि जें पाहिलें तें आमच्या वाचकांपुढें ठेवावें, म्हणून हा लेखप्रपंच.

पंचगंगेचा पूल ओलांडून पुणें-बंगळूर महामार्गाला लागलें कीं पुलाची शिरोली येते, आणि तिच्या लगतच ही वसाहत आहे. मोटारी, ट्रॅक्टर, पंप यांचे बिडाचे भाग ओतणाऱ्या फौंड्र्या आणि ते ओतीव भाग कातून, तासून, छिद्रें पाडून तयार करणारे कारखाने अशी येथील मुख्य वस्ती. कोल्हापूरकरांनीं हें कसब पूर्वीं ऑइल एंजिनांच्या काळांत उद्यमनगरांत कमावलें, आणि पुढें तें शिरोली व गोकुळ शिरगांव या वसाहतींत फैलावलें. पुतण्यानें आम्हांस थेट एका सीएनसी लेथपुढें नेऊन उभें केलें. या लेथला हातानें चालविणारा कारागीर नसतो. आकड्यांत लिहिलेल्या आज्ञा वाचून तें यंत्र स्वतःच काम करतें.

चकमध्यें बिडाची एक थाळीएवढी चकती आवळलेली होती. तिचा दर्शनी भाग सपाट करावयाचा होता. याला कारखान्यांत ‘फेसिंग’ म्हणतात. हत्यार चकतीच्या कडेला टेंकलें आणि हळूहळू मध्याकडे सरकूं लागलें. आणि जसजसें तें मध्याकडे येऊं लागलें तसतसा चकतीचा वेग वाढत चालला. आवाजही चढत चालला. आमच्या स्नेह्यांच्या माजघरांतील तोच चढता सूर!

“आतां हिशेब पाहा,” पुतण्या म्हणाला. “हत्याराखालून दर मिनिटाला सारख्याच लांबीचें लोखंड सरकलें पाहिजे, तर काम एकसारखें होतें. चकतीच्या कडेला घेर मोठा. तेथें २०० फेरे पुरतात. व्यास चौथाईवर आला कीं तेवढीच लांबी सरकण्यासाठीं ८०० फेरे लागतात. आम्ही आज्ञापत्रांत ‘जी-९६’ लिहितों, म्हणजे यंत्र हा हिशेब आपोआप करीत राहतें.”

“आणि अगदीं मध्यावर?” आम्हीं विचारलें.

“मध्यावर घेर शून्य; म्हणजे वेग अनंत! म्हणूनच त्याच्या आधीं दुसरी आज्ञा लिहावी लागते. आमच्या या यंत्राला ती ‘जी-५०’. अमुक फेऱ्यांच्या वर जावयाचें नाहीं, अशी ती मर्यादा. ती विसरली तर चकती चकमधून निसटून कोणाचा तरी जीव घेईल.”

वाचकहो, सीडीचें रहस्य या दोन आज्ञांत सांठविलेलें आहे. सोनी व फिलिप्स या दोन कंपन्यांनीं मिळून सिद्ध केलेली ही तबकडी १९८२ सालीं प्रथम जपानांत विक्रीस आली. ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणें तिच्यावरही एकच एक वळणावळणाची रेघ असते; मात्र ती बाहेरून आंत न जातां आंतून बाहेर येते, आणि तिचीं वळणें एकमेकांपासून मिलिमीटराच्या हजाराव्या हिश्शाच्या दीडपटीहून किंचित् अधिक अंतरावर असतात. ती रेघ उलगडून सरळ केली तर पांच किलोमीटरांहून लांब भरेल! ग्रामोफोनची तबकडी मिनिटाला ७८ फेरे या ठरलेल्या गतीनें फिरे. गाणें ऐकविणारी सीडी तशी फिरत नाहीं. तिच्या लेसर किरणाखालून रेघ दर सेकंदाला सुमारें सव्वा मीटर या एकाच वेगानें सरकावी लागते. म्हणून आंतल्या बाजूस ती मिनिटाला सुमारें ५०० फेरे घेते आणि कडेला येईपर्यंत २०० वर उतरते. लेथची दिशा उलटी, हिशेब मात्र तोच.

एवढ्यावर राहतें तर ओरडण्याचें कारण नव्हतें. परंतु गाण्याची तबकडी पुढें संगणकाचें दप्तर झाली, आणि दप्तर वाचावयाला तासभर कोण थांबणार? मूळच्या वेगानें सेकंदाला १५० किलोबाइट मजकूर वाचला जाई. कारखानदारांनीं तो दुप्पट केला, चौपट केला, आणि वाढवीत वाढवीत ५२ पटींवर नेला. डब्यावर ‘५२’ हा आंकडा मोठ्या अक्षरांत छापला जाऊं लागला. हा वेग गांठावयाचा म्हणजे तबकडीनें मिनिटाला सुमारें १०,००० फेरे घेतले पाहिजेत, आणि तेव्हां तिची कड ताशीं सव्वादोनशें किलोमीटर वेगानें धांवत असते. इतक्या गतीला फेऱ्यांचा आंकडा आंतबाहेर बदलीत राहणें मोटारीला जड जातें. म्हणून अशा वेगवान् ड्राइव्हमध्यें फेरे एकसारखे ठेवतात आणि वाचनाचा वेग कडेकडे वाढत जातो. अर्थात् ‘५२ पट’ हें बिरुद केवळ तबकडीच्या अगदीं बाहेरच्या कडेला खरें असतें; आंतल्या बाजूस तो वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो.

आतां या वेगाची किंमत पाहूं. पुतण्यानें आम्हांस बॅलन्सिंगचें यंत्र दाखविलें. फ्लायव्हीलसारखा फिरणारा भाग तयार झाला कीं त्याची एखादी बाजू रतीभर जड आहे कीं काय, हें या यंत्रावर फिरवून पाहतात, आणि जड बाजूला छिद्र पाडून तेवढें लोखंड काढून टाकतात. कारण तोल गेलेल्या भागाची ओढ वेगाच्या वर्गानें वाढते. वेग दुप्पट तर ओढ चौपट. वेग पांचपट तर ओढ पंचवीसपट. त्यानें तेथेंच खडूनें फरशीवर गणित मांडलें. सीडीच्या मध्यापासून चार सेंटिमीटरांवर एका बाजूस एक ग्रॅम वजन अधिक असेल, तर मिनिटाला २,००० फेऱ्यांस तें सुमारें १८० ग्रॅम वजनाइतक्या जोरानें बाहेर ओढतें. १०,००० फेऱ्यांस हीच ओढ साडेचार किलो होते! अखंड तबकडीचें वजन अवघें पंधरा-सोळा ग्रॅम, हें ध्यानांत घ्या. इतका तोल सहसा जात नाहीं. परंतु त्याचा दहावा हिस्सा गेला, तरी ती साडेचारशें ग्रॅमांची ओढ सेकंदाला १६६ वेळां दिशा बदलीत ड्राइव्हच्या पत्र्याला हिसके देते. आपण ऐकतों ती घरघर हीच. तींत तबकडीनें ढवळलेल्या वाऱ्याचा घोंघावा मिसळतो, आणि लेसरची गाडी मागेंपुढें धांवतांना होणारी किरकिर मिसळते. तबकडीवर हौसेनें वांकडें डकविलेलें नांवाचें लेबल या घोंगाटांत भर घालतें, हें आमच्या वाचक भगिनींनीं विशेषेंकरून लक्षांत ठेवावें.

यावर कारखानदारांनीं तोडगे काढले नाहींत असें नाहीं. कांहीं ड्राइव्हच्या आंसाभोवतीं एक पोकळ कडें असतें व त्यांत पोलादाच्या बारीक गोळ्या सुट्या सोडलेल्या असतात. ठराविक वेग ओलांडला कीं त्या गोळ्या आपोआप हलक्या बाजूला जाऊन बसतात आणि तोल सांवरतात. केनवुड कंपनीच्या एका ड्राइव्हनें तर निराळीच युक्ति योजिली होती. एका किरणाऐवजीं सात किरणांनीं रेघेचीं सात वळणें एकदम वाचावयाचीं, म्हणजे तबकडी बेतानें फिरवूनही काम वेगानें होई.

परंतु खरा प्रश्न निराळाच आहे. एखादी तबकडी किती वेगानें फिरवावी, हें ठरवितो कोण? संगणकापुढें बसलेला माणूस तर कांहींच सांगत नाहीं. जुन्या ऑइल एंजिनांत हें काम गव्हर्नर करी. वेग वाढला कीं त्याचीं वजनें फांकत आणि इंधन आंखडलें जाई. सीएनसी लेथमध्यें तें काम आज्ञापत्रांतील मर्यादा करते. ड्राइव्हमध्यें हेंच काम करणाऱ्या लिखित आज्ञांचा एक छोटा ग्रंथ कारखान्यांतच एका चिपमध्यें भरून ठेविलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. तबकडी आंत गेली कीं हा अदृश्य कारभारी प्रथम तिच्यावरून किरण किती परततो तें पाहतो, आणि ती कारखान्यांत छापलेली आहे कीं घरीं भरलेली, सीडी आहे कीं डीव्हीडी, हें ओळखतो. मग तिची अनुक्रमणिका वाचतो. ती किती डुगडुगते याचा अंदाज घेतो आणि वेग ठरवितो. वाचतांना चूक आढळली तर तेंच स्थळ पुन्हां वाचतो. तरीही न जमलें तर एक पायरी उतरतो. वाचतां येऊं लागलें कीं पुन्हां वेग वाढवितो. माजघरांत आम्हीं ऐकलेला तो चढउतार म्हणजे या कारभाऱ्याची चाललेली ओढाताण होती.

या कारभाऱ्यांचे स्वभाव एकसारखे नसतात. ज्याच्या धन्याला डब्यावरील आंकडा प्रिय, तो पायरी उतरण्यास नाखूष असतो. दुसरा कोणी चिकाटीचा. दहादां वाचून पाहील, पण मजकूर सोडणार नाहीं. कित्येक ड्राइव्ह सिनेमाची डीव्हीडी ओळखतांच आपण होऊन वेग अगदीं उतरवितात, कारण चित्रपट पाहतांना कोणालाही घरघर नको असते. तोच ड्राइव्ह, तीच मोटार. पण फर्मवेअर निराळें असेल तर एक शांत आणि दुसरा कर्कश, एक वाचील आणि दुसरा हात टेंकील, असें घडतें.

सावकाश फिरविल्यानें वाचन सुधारतें कां, असा प्रश्न चौकस वाचक विचारतील. तबकडीच्या मजकुरांत मुळांतच चुका दुरुस्त करण्याची सोय केलेली असते. आयर्विंग रीड व गुस्टाव्ह सोलोमन या दोन गणितज्ञांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या संकेतपद्धतीवर ती आधारलेली आहे. तिच्या जोरावर रेघेचा दोन मिलिमीटरांहून अधिक सलग भाग गेला, तरी मूळ मजकूर पुन्हां जुळवितां येतो. परंतु त्यासाठीं आजूबाजूचा भाग नीट वाचला गेला पाहिजे. लेसरचें भिंग तबकडीच्या पृष्ठापासून ठरलेल्या अंतरावर, मिलिमीटराच्या सुमारें हजाराव्या हिश्शाइतक्या अचूकपणें, सतत वरखालीं होत तरंगत असतें. तबकडी डुगडुगत असेल, डागाळलेली असेल आणि शिवाय बेभान धांवत असेल, तर भिंगाला ती सांवरतां येत नाहीं. मग चरा पडलेला भाग तर जातोच, पण शेजारचा चांगला भागही हातचा जातो. वेग उतरविला कीं हादरे कमी होतात आणि भिंगाला सवड मिळते. मात्र ‘जितकें सावकाश तितकें उत्तम’ असा सरसकट नियम नाहीं. कांहीं ड्राइव्ह फार कमी वेग स्वीकारीतच नाहींत, आणि कांहीं तबकड्या मध्यम वेगालाच उत्तम वाचल्या जातात. दोन-तीन वेग करून पाहणें हाच मार्ग.

त्याच रात्रीं पुतण्या आपल्या कारखान्यांतील एक जुना बाहेरून जोडावयाचा ड्राइव्ह घेऊन पेठेंत आला. तबकडी मऊ, किंचित् ओलसर सुती कापडानें मध्यापासून कडेकडे पुसून कोरडी केली. त्यानें ड्राइव्हला आठ पटींहून अधिक वेग घेऊं नकोस अशी आज्ञा संगणकावरून दिली. अशी आज्ञा देण्याची सोय या यंत्रांच्या मान्य भाषेंतच आहे. लिनक्स प्रणालींत ‘इजेक्ट’ या आज्ञेला वेगाचा आंकडा जोडला कीं काम होतें, आणि इतर प्रणालींसाठीं छोटीं उपकरणें मिळतात. मग ‘डीडीरेस्क्यू’ नांवाचा एक कार्यक्रम त्यानें सुरू केला. हा कार्यक्रम जें सुखानें वाचतां येतें तें आधीं उतरवून घेतो, अवघड स्थळांची टिपणी ठेवतो, आणि मग एकेका स्थळाकडे पुन्हां पुन्हां परततो.

माजघरांत या वेळीं घोंगाट नव्हता. टेबलावर कान ठेविला तरच कळेल इतकी बारीक घूं घूं चालू होती. सारी मंडळी मात्र जागी होती. पूर्ण वेगानें सुखरूप तबकडी दोन-तीन मिनिटांत वाचून होते, आठ पटींनीं दहा मिनिटें लागतात. म्हणजे एवढा सारा आक्रोश सात-आठ मिनिटें वांचविण्यासाठीं चालला होता! आजींच्या डागाळलेल्या तबकडीला अर्थात् दहा मिनिटें पुरलीं नाहींत. मध्यरात्र उलटून गेली. शेवटीं एक भूपाळी सोडून सारें कांहीं हातीं आलें, आणि त्या भूपाळींतही अवघ्या कांहीं क्षणांची खांच राहिली होती. ती प्रथम ऐकतांना आवाज तुटला, तसे थोरल्या काकूंनीं मधले शब्द सहजगत्या म्हटले, आणि पुढें पुन्हां सासूबाईंचा आवाज सुरू झाला. कोणी कांहीं बोललें नाहीं. मंगळागौरीच्या रात्रीं तीं गाणीं लागलीं, हें सांगावयास नकोच.

आमच्या वाचकांच्या घरोघरीं लग्नमुंजींच्या, सत्कारांच्या, वडीलधाऱ्यांच्या आवाजाच्या अशा तबकड्या कपाटांत पडून असतील. नव्या संगणकांत बहुधा त्यांच्यासाठीं खणच नसतो. जुने ड्राइव्ह दिवसेंदिवस कमी होत आहेत. घरीं भरलेल्या तबकडीचा मजकूर एका रंगद्रव्याच्या थरांत असतो, आणि ऊन, उष्णता व दमट हवा यांनीं तो थर हळूहळू बिघडतो. म्हणून पुढील गोष्टी आतांच कराव्यात. तबकड्या डब्यांत उभ्या, अंधाऱ्या व कोरड्या जागीं ठेवाव्या. पुसतांना वर्तुळाकार कधींही पुसूं नये. मध्यापासून कडेकडे पुसावें. सीडीचा मजकूर नांव लिहितों त्याच बाजूच्या लगत असतो, म्हणून त्या बाजूला टोंकदार पेन लावूं नये व लेबलें डकवूं नयेत. एका ड्राइव्हनें नकार दिला तरी तबकडी टाकूं नये. दुसऱ्या कारखान्याचा ड्राइव्ह व कमी वेग यांनीं प्रयत्न करून पाहावा. फर्मवेअर बदलण्याचा उद्योग मात्र जाणत्याशिवाय करूं नये. नेमक्या त्याच नमुन्याचें फर्मवेअर नसेल, किंवा भरतांना मध्येंच वीज गेली, तर ड्राइव्ह कायमचा निकामी होऊं शकतो; आणि वेग उतरविण्यासाठीं त्याची आवश्यकताही नसते. मजकूर हातीं आला कीं त्याच्या दोन तरी प्रती करून निरनिराळ्या घरीं ठेवाव्या. पूर आला तर एका घरीं येईल, दोहोंकडे एकदम येणार नाहीं.

निरोप घेतांना पुतण्याला आम्हीं विचारलें, “तुमच्या कारखान्यांत तर सारे वेगाच्या मागें लागलेले, तूं सावकाशीचा असा पुरस्कर्ता कसा झालास?” तो हंसून म्हणाला, “काका, शिरोलींत आम्हीही वेगच वाढवितों. पण आधीं तोल पाहतों आणि वर मर्यादा लिहून ठेवतों. ती मर्यादा कोठें लिहिली आहे, एवढें माणसाला ठाऊक पाहिजे.”

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या कपाटांत अशी एखादी तबकडी असेल, त्यांनीं या श्रावणांतच ती बाहेर काढावी.